फुकटचा नाश्ता आणि पंचवीस मिनिटं

“बेचाळीस मिनिटं!” मेननसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं. “मॅडम, महिनाभर तुमचं स्टेशन रोज लेट आहे. असंच चाललं तर इथली फ्लाइट बंद करावी लागेल.”

साहेब मुंबईच्या हेड ऑफिसमधून आले होते. मी एका स्वस्त विमान कंपनीची औरंगाबादची स्टेशन मॅनेजर. माहेर घनसावंगीचं, राहायला जालन्यात. सकाळच्या मुंबई फ्लाइटला निम्मे प्रवासी जालन्याचेच, बियाण्यांचे आणि लोखंडाचे व्यापारी.

विमान येऊन थांबल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळेला टर्नअराउंड म्हणतात. आमचा पंचवीस मिनिटांचा असायला हवा, तो बेचाळीसवर गेला होता. स्वस्त तिकीट परवडतं ते त्यामुळेच. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी आमच्याकडे खोळंबलं, की पुढे सगळीकडे उशीर.

“साहेब, उशीर नाश्त्यामुळे होतोय,” मी म्हणाले.

महिन्यापूर्वीच हेड ऑफिसने फुकट नाश्ता सुरू केला होता. मोठ्या कंपन्या देतात, मग आपणही द्यायचा. तेव्हापासून ट्रॉल्या चढवा, उतरवा, सांडलेलं पुसा.

सफाईची मुकादम कौसाबाई मागेच उभी होती. तिला राहवलं नाही. “साहेब, उपमा शिटांच्या फटीत जाऊन बसतो. आम्ही चौघी येचून राह्यलो रोज. आधी असं कधी न्हाई झालं.”

“नाश्ता काढला तर व्यापारी दुसऱ्या कंपनीकडे जातील,” साहेब म्हणाले.

“मग त्यांनाच विचारा. चला जालन्याला.”

बोलून तर बसले, पण गाडीत तासभर माझा जीव टांगणीला लागला होता. मदनशेठ आमचे दर आठवड्याचे प्रवासी, आणि एकदम फटकळ. त्यांनी उपम्याची तारीफ केली असती तर स्टेशनही गेलं असतं आणि आमच्या अकरा जणांच्या नोकऱ्याही.

बियाण्यांच्या गोदामात पोत्यांमध्ये खुर्च्या टाकून शेठनी चहा मागवला. साहेबांनी थेट नाश्त्याचं विचारलं.

“नाश्ता?” शेठ हसले. “तो तर मी घरून करून निघतो. मला दहाला मुंबईत मीटिंग असते. मागल्या हप्त्यात तुमचं विमान लेट, मी पोचेपर्यंत पार्टी उठून गेल्ती. टाइम बराबर ठेवा, मंग पाणी बी देऊ नका.”

साहेब आणखी तिघांकडे गेले. सगळ्यांचं तेच म्हणणं.

परतताना ते म्हणाले, “आठ दिवस नाश्ता बंद. पण रोज पंचवीसच्या आत विमान निघालं पाहिजे.”

पहिल्याच दिवशी तीस मिनिटं लागली. प्रवासी एकाच जिन्यावर गर्दी करत होते. दुसऱ्या दिवसापासून मी मागचं दारही उघडायला लावलं. कौसाबाईने दोघी पुढून, दोघी मागून अशा लावल्या. तिसऱ्या दिवशी पंचवीस झाली, आणि मग ती वाढली नाहीत.

आठव्या दिवशी विमान खच्चून भरलेलं होतं. साहेब स्वतः घड्याळ लावून उभे. दारं मिटली, जिने बाजूला झाले, विमान हललं.

“बावीस,” साहेब हळूच म्हणाले.

“बावीस!” कौसाबाई ओरडली आणि झाडू उंच धरला. लोडर पोरांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांसमोरच मी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांत कंपनीने सगळ्याच मार्गांवरचा नाश्ता काढला. आमचं स्टेशन राहिलं, वर संध्याकाळची आणखी एक फ्लाइट मिळाली.

स्वस्तात विमान चालवायचं तर कंपनीला काही गोष्टींना नाही म्हणता आलं पाहिजे. प्रवाशांना त्याचं फारसं वाटत नाही. जड जातं ते हेड ऑफिसला.