जोड्यांचा क्लास आणि मागचा आवाज

आधी माफी मागतो. इंग्रजीबद्दल लिहायला बसलोय, आणि बारावीला त्याच विषयात मी कसाबसा सुटलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं मला सगळं कळतं, आणि कॉलेजातल्यांना वाटतं मला काहीच कळत नाही. खरं या दोन्हींच्या मधे कुठंतरी असेल, बहुतेक कॉलेजवाल्यांच्या जरा जवळ. तरी लिहितो. झालं ते आमच्या घरात झालं आणि दुसरं कोणी ते लिहिणार नाही.

शिक्रापूरला हमरस्त्याला लागून, एका टायरच्या दुकानावर, आमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास भरायचा. बाहेर पाटी होती, 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी'. मी तिथं तिसऱ्यांदा तीन महिने भरत होतो.

सरांचं सगळं इंग्रजी जोड्यांवर उभं होतं. एक विशेषण आणि त्याच्या मागून येणारा ठरलेला छोटा शब्द. गुड आला की अ‍ॅट. अफ्रेड आला की ऑफ. इंटरेस्टेड आला की इन. सरांनी विशेषण म्हणायचं आणि आम्ही तीस-चाळीस जणांनी शेपूट ओरडायचं. खालून सतत ट्रक जायचे. त्यांच्या हॉर्नच्या वर आवाज गेला पाहिजे, असा सरांचा दंडक होता.

"अफ्रेड!"

"ऑफ!"

"पुन्हा!"

"ऑफ!!"

इतक्या त्वेषानं जगात कोणी कधी भ्यालं नसेल.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, मॅरीडच्या पुढं टूच का? विथ का नाही? लग्न तर सोबत राहायलाच करतात ना?"

"तुझं झालंय का?"

"नाही सर."

"मग कशाला घाई करतो? झालं की कळंल."

सगळा क्लास हसला. मीही हसलो. लोक आपल्यावर हसायला लागले की आपणही हसायचं, हे मी कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. तेवढं मात्र पक्कं शिकलो.

आमची वस्ती केंदूरच्या शिवारात. आजोबा मेंढरं घेऊन मुलुखभर फिरले. वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेती धरली, पण दहा-बारा मेंढरं अजून दावणीला आहेत. माझी धाकटी बहीण त्याच वर्षी बारावी झाली होती, माझ्यापेक्षा बऱ्याच चांगल्या मार्कांनी. तिला शिरूरच्या कॉलेजात जायचं होतं. आबांनी जेवता जेवता निकाल दिला, "आधी ह्याचं इंग्रजी कुठं चिकटतंय का बघू. ह्याला नोकरी लागली की तुला कॉलेजात घालू."

तिचा प्रवेश माझ्या जिभेला बांधला गेला होता, आणि अर्ज भरायची मुदत पंधरवड्यावर आली होती.

सरांचा गृहपाठ मोबाइलवर असायचा. दहा जोड्या म्हणून रेकॉर्ड करायच्या आणि क्लासच्या ग्रुपवर टाकायच्या. मी ओट्यावर बसून म्हणायचो, ती मागं लसूण सोलत असायची.

"रिस्पॉन्सिबल... टू..."

"फॉर, दादा. फॉर."

तेही रेकॉर्ड व्हायचं. पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा कंटाळा, म्हणून मी तसंच पाठवून द्यायचो. तशी किती रेकॉर्डिंगं पाठवली, देव जाणे.

एके दिवशी ती वैतागली. "तू पाठ कशाला करतो? बघत जा की जरा. आबा अँग्री विथ चुलता. कशावरनं? अँग्री अबाउट पाणी. माणूस आला की विथ, भानगड आली की अबाउट."

"सरांनी असं नाही सांगितलं."

"सर आपल्या चुलत्याला कुठं वळखत्यात? आन् हे बघ, ताक गुड फॉर पोट. तू गुड अ‍ॅट ताक पिणं."

मी म्हणालो, "पण असं का? काहीतरी नियम असंल ना?"

"आपण काय नियमानं बोलतो व्हय? कुत्र्याला भितो, कुत्र्यावर चिडतो, कुत्र्याशी खेळतो. कुत्रं एकच हाय. तुझ्याकडनं कुणी ओरडून पाठ करून घेतलं का?"

आबा तेव्हा कोकरं सोडत होते. संध्याकाळी कोकरं सुटली की जे ते आपापल्या आईकडं पळतं. एखादं चुकून दुसरीला लुचायला गेलं की मेंढी ढुशी देते. आबांना वाटलं, सरांची बाजू कोणीतरी घ्यायला हवी.

"बरोबर हाय मास्तरांचं. ही मेंढी ह्याच कोकराला का पाजती, इचारून ये जा तिला."

"इचारायचं कशाला आबा? वास घेती ती," बहीण म्हणाली. "दादा वासच घेत न्हाई. नुसता ओरडतो."

मला राग आला. मी ग्रुपवर आणखी दहा जोड्या टाकल्या, आणखी मोठ्यानं.

मग भांडगावच्या पुढं एका कारखान्यात स्टोअरला माणूस पाहिजे, अशी बातमी आली. खाली लिहिलं होतं, इंग्रजी आवश्यक. क्लासमधले आम्ही पाच जण गेलो. प्लायवूडचा अर्धा आडोसा, आत एक साहेब आणि एक मॅडम, बाहेर खुर्च्यांची रांग. मी पहिला.

साहेब सगळं हिंदीत बोलले. "ट्रक खाली करवाना पड़ेगा, चलेगा?"

"चलेगा."

"बाइक है?"

"दोस्त की है."

आवश्यक असलेलं इंग्रजी कुठं आहे, म्हणून मी इकडंतिकडं पाहत होतो. तेवढ्यात मॅडमनी माझा कागद उचलला. बोलायला प्रेमळ होत्या. हळू, स्पष्ट म्हणाल्या, "सो, यू आर गुड..."

आणि थांबल्या. कागदावर काहीतरी शोधत होत्या.

माझ्या अंगात तीन गुणिले तीन महिने होते. मी ताठ झालो आणि ओरडलो, "अ‍ॅट!"

ट्रकच्या वर जाईल असा आवाज. आडोशाबाहेरून लगेच चार आवाज उठले, "अ‍ॅट!" आणि त्यांच्यामागून एक पाचवा, आमच्या अगदी ओळखीचा, "पुन्हा!"

खोटं कशाला सांगू, आम्ही पाचही जण पुन्हा ओरडलो.

मॅडम उभ्या राहिल्या आणि आडोशावरून बाहेर पाहू लागल्या. मीही पाहिलं. शेवटच्या खुर्चीवर आमचे सर बसले होते. भांग ओला, मांडीवर फाईल, नजर फरशीवर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही?"

"तुम्हाला धीर द्यायला आलो रे."

फाईलमधून त्यांचा पासपोर्ट फोटो डोकावत होता, तरी आम्ही विश्वास ठेवला. शेवटी त्यांनाही आत बोलावलं. ते आत गेले आणि बराच वेळ, अगदी हळू आवाजात, हिंदीत बोलत राहिले.

कारखान्यानं कळवतो म्हणून सांगितलं होतं. घरी मी 'अ‍ॅट'चं सांगितलं नाही. आबा रोज विचारायचे, "आला का फोन?" बहीण विचारायची नाही. नुसती लसूण सोलायची. घरात एवढा लसूण आम्ही कधी खाल्ला नव्हता. तिचा अर्ज भरून तयार होता, गादीखाली ठेवलेला. मुदतीला दोन दिवस उरले, तेव्हा मी आबांना सगळं सांगायचं ठरवलं. कोकरं सुटायच्या वेळेला त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं आणि फोन वाजला. सरांचा होता. कोकरांच्या ओरडण्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला.

"माझं झालं रे. सोमवारपासून जायचंय."

"अभिनंदन सर." यापुढं काय म्हणायचं, ते कुठल्याच जोडीत नव्हतं.

"पण सकाळची बॅच उघडी पडली. कोणीतरी घ्यायला पाहिजे."

मी शर्टाची कॉलर सरळ केली. फोनवर दिसत नाही, तरी केली. "घेतो सर मी."

"तुला नाही म्हणत. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये मागं कोण बोलतं? फॉर, दादा, फॉर म्हणून?"

"बहीण."

"पोरं तुझं सोडून तिचंच ऐकतात ग्रुपवर. दे तिला."

ती ओट्यावरून उठून आली होतीच. लसणाचे हात ओढणीला पुसले आणि फोन घेतला. आबा कोकरू काखेत धरून उभे.

"कुणाला लागली म्हनला नोकरी?"

"हिला," मी म्हणालो.

आबा तिच्याकडं पाहत राहिले. तिनं मात्र कोणाकडंच पाहिलं नाही. फोनमध्ये म्हणाली, "येईन सर. पण साडेनवाला सुट्टी द्यायला लागंल. मला पुढं शिरूरला कॉलेज हाय."