डाव्या बाजूची कोरी जागा

स्टुडिओत त्याला सगळे कातरशेठ म्हणत. त्याच्या हातात कात्री कधी कुणी पाहिली नव्हती. पण लोकांचे जुने फोटो स्कॅन केले की चहूबाजूंनी जो पांढरा, रिकामा काठ येतो, तो कापायचं काम त्याचं. आधी तो एकेक फोटो माउसने कापत बसे आणि मान धरली की जगाला शिव्या देई. मग इकडून तिकडून शिकून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा हिशेब सरळ होता: चारही कडांकडून आत यायचं, कोरं दिसेल तेवढं उडवायचं, काही दिसलं की थांबायचं. चहा निवायच्या आत ढीगभर फोटो तयार. मालक खूश, आणि कातरशेठचे पाय तर जमिनीला लागेनात.

फक्त धुळीने घोळ घातला. कुठे एक कण दिसला की प्रोग्राम तिथेच अडे. म्हणून त्याने त्याला सांगून ठेवलं, फार फिकट असेल तेही कोरंच समज. शिवाय डिस्क भरते अशी मालकांची कटकट, तेव्हा कापलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी बसेल अशीही सोय केली. आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेताना माणूस किती खुशीत असतो, हे त्याच्याकडे बघून कळलं असतं.

घरी आईच्या खोलीत एक फोटो होता. तिच्या नवऱ्याचा तेवढा एकच. स्टुलावर लहानगा कातरशेठ आणि डावीकडे उभे बाबा, एक हात मुलाच्या खांद्यावर. फोटो काढला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. खिडकीसमोर टांगून टांगून डावी बाजू उन्हाने उडाली होती. बाबा आता पुसटशा सावलीइतकेच उरले होते, पण आईला तेवढे पुरत. रोज सकाळी ती काच पुसायची. ओल धरून फोटो काचेला चिकटला, तेव्हा ताई म्हणाली, "तुझ्या स्टुडिओत ने आणि नीट करून आण. आईचं दुसरं आहे काय?"

चौकट काढून त्याने तो काचेसकट स्कॅन केला. फाइल आल्याची खात्री केली, ती त्या दिवसाच्या ढिगात टाकली, प्रोग्राम सुरू केला आणि फोटो सोडवायला बसला. स्कॅन झालंय, आता भीती कसली? पाण्यात भिजवून टोक उचललं, तर हातात नुसता कागद आला आणि चित्र काचेवरून साय निघावी तसं सुटून पाण्यात विरून गेलं. वाईट वाटलं, पण त्याने हात पुसले आणि पडद्याकडे वळला.

मुलगा होता. स्टूल होतं. खांद्यावर हातही होता. मनगटापाशी फोटो संपत होता.

त्याने डिस्क पिंजून काढली. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. "कचऱ्यात टाकलं असतं तर काढलं असतं. याच्यावरच दुसरं लिहिलंय तुम्ही."

उरलेला फोटो छापून तो घरी घेऊन गेला. ताईने आकांत केला. "कापायला तुला बाबाच सापडले?" तो मान खाली घालून उभा राहिला.

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. "त्याला कशाला बोलतेस? फोटोवाल्याने तेव्हाही घसा कोरडा केला होता, आत सरका, आत सरका म्हणून. ह्यांना मेली लाज. कडेलाच उभे राहिले."

कातरशेठने तो फोटो मोठा करून छापला. डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा कोरी सोडली. आयुष्यभर जे कापलं तेच मुद्दाम ठेवताना त्याला रडू आलं.

आई अजून रोज काच पुसते. मुलावरून, हातावरून फडकं सरकतं आणि कोऱ्या जागेशी येऊन थांबतं. परवा तिने विचारलं, "नाक कसं होतं रे ह्यांचं? सरळ, की तुझ्यासारखं?"

कातरशेठने खूप आठवून पाहिलं. मग तो म्हणाला, "तूच सांग ना."

आई काच पुसत राहिली.