वेटिंग लिस्टखालची नोटीस

चंद्रभान धकातेला वाचता येत नव्हतं, पण सही अशी करायचा की बँकेच्या मॅनेजरनं पाहत राहावं. गोळीबार चौकाजवळच्या त्याच्या घरात दोन हातमाग होते. गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांनी हातमागाची लुगडी घेणं सोडलं तसे माग थंडावले, आणि चंद्रभान एका कॉलेजात चपराशी लागला. पगाराला अंगठा लावायचा हे पहिल्याच महिन्यात कळलं आणि गड्याचं डोकं फिरलं. बंद मागाच्या लाकडावर खडूनं गिरवून गिरवून तीन आठवड्यांत त्यानं आपलं नाव शिकून घेतलं. शेवटची मात्रा तो लांब ओढायचा, मागावरचा धोटा सूत घेऊन या काठावरून त्या काठाला जावा तशी.

पुढं बारा वर्षं त्या कॉलेजातली प्रत्येक नोटीस त्याच्या हातानं लागली. बोर्डाला जाळीचं दार, दाराला कुलूप, कुलपाची किल्ली चंद्रभानच्या कमरेला. नोटीस लावायची आणि ऑफिसात येऊन नोटीस-रजिस्टरात सही ठोकायची. सही केली की बाकी सगळं आपोआप खरं. नोटीस कशाची, हे मात्र बारा वर्षांत त्याला कोणी सांगितलं नाही. सगळ्या इंग्रजीत. विचारलं तर हेडक्लार्क गणपतराव, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, चष्म्यावरून पाहायचे.

"तुझ्या कामाचं नाही ते, चंद्रभान. पिना सरळ लाव."

त्याची पोरगी प्रेमलता त्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होती. त्र्याहत्तर साली पहिल्या वर्षात ती कॉलेजातून तिसरी आली. फी माफ होती. पण नुसत्या फीवर कोणी बी.एस्सी. होतं का? प्रयोगशाळेचं डिपॉझिट, जर्नलं, पुस्तकं, फुटलेल्या काचनळ्यांची भरपाई. आईनं, अंजनाबाईनं, साफ सांगून टाकलं, "हे साल ढकललं वं बाई, पुढचं माह्याच्यानं होत नाही. मेरिटची स्कॉलरशिप भेटली त शिक, नाही त घरी बस."

चंद्रभाननं त्याच दिवशी बडे बाबूंना गाठलं. "बाबू, पोरगी तिसरी आली. मेरिटचा कागद आला का मले सांगजा."

"हो रे. सांगतो की."

प्रेमलता बोर्डाकडं फिरकलीच नाही. तिथं पोरांची ही गर्दी, धक्काबुक्की, वर टोमणे. शिवाय तिला गरज काय होती? मैत्रिणींना ती ऐटीत सांगायची, "माह्या घरीच बोर्ड हाय वं. काही आलं त बाबा सांगतीनच."

जुलैच्या एका बुधवारी चंद्रभाननं अर्ध्या पानाची, टाइप केलेली एक नोटीस लावली आणि रजिस्टरात सही केली. शनिवारी प्रवेशाची वेटिंग लिस्ट निघाली. चार फुलस्केप एकाखाली एक चिकटवलेले, बोर्डभर लांब.

"जागा कुठं हाय, बाबू?"

"लाव त्या छोट्यावर. आणि पिना त्याच काढून वापर, स्टेशनरीत एक शिल्लक नाही."

लावली. सरळ लावली.

ऑगस्टची चार तारीख. प्रेमलता व्हरांड्यातून धावत आली. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं सहज विचारलं होतं, तू स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरला म्हणून.

"बाबा, मेरिटची नोटीस आलती?"

"नाही वं. आली असती त बाबू बोलले असते."

"दार उघडा."

त्यानं जाळी उघडली. खालची एक पिन काढली. पोरीनं वेटिंग लिस्टचा काठ वर उचलला. खाली ते अर्धं पान. ती पुटपुटत वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. एकतीस जुलै. चार दिवस झाले होते.

"हे कोनं झाकलं?"

चंद्रभानच्या हातात पिन तशीच होती.

"तुमच्याच हातानं झाकलं ना, बाबा?" ती एवढंच म्हणाली. जन्मात पुन्हा कधी म्हणाली नाही. पण एकदा म्हणाली ते पुरेसं होतं.

तो ऑफिसात शिरला तो दार न वाजवता. "बाबू, पोरीचा फॉर्म घ्या."

"मुदत संपली."

"अजी, नोटीस तीनच दिवस त दिसली! तुम्हीच म्हनलं, झाक म्हनून!"

बडे बाबूंनी शांतपणे रजिस्टर काढलं, पान उलटलं, बोट ठेवलं. "ही सही कोणाची?"

"माही."

"समोर काय लिहिलंय? एकतीस जुलैपर्यंत नोटीस बोर्डावर लावली. सही चंद्रभान धकाते. आता तूच म्हणतोस, नव्हती. मग सही कशाला केलीस रे?"

चंद्रभाननं ती लांब ओढलेली मात्रा पाहिली. ज्या सहीसाठी त्यानं अंगठा धुऊन टाकला होता, तीच सही त्याच्या पोरीविरुद्ध साक्षीला उभी होती. मनात आलं, पान टर्रकन फाडावं. फाडलं असतं तर पोलीस आले असते. नोटीस झाकली तेव्हा मात्र कोणी आलं नव्हतं.

घरी आल्यावर तो पोरीला म्हणाला, "लिह्य. मी चंद्रभान धकाते, हे नोटीस तिसऱ्या दिवशी मी झाकली, बडे बाबूच्या सांगन्यावरून. पोरीचा कसूर नाही."

"बाबा, नौकरी जाईन."

"जाईन त जाईन. तू लिह्य ना!"

प्रिन्सिपॉल माणूस वाईट नव्हता. अर्जावर शिफारस लिहिली, फॉर्म वर पाठवला. मग चष्मा पुसत म्हणाले, "पण चंद्रभान, हा तू लिहून दिलेला कबुलीजबाब आहे. त्यावर मला काही तरी करावंच लागेल." केलं. त्याची एक वर्षाची पगारवाढ थांबली. सांगणाऱ्या बडे बाबूंना कोणी काही विचारलं नाही, कारण 'झाक' हा शब्द कोणत्याच रजिस्टरात नव्हता.

दसरा झाल्यावर फॉर्म परत आला. कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ.

"काय म्हनते?" चंद्रभाननं विचारलं.

"मुदतीनंतर आला. परत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मार्काचं काही लिवलं नाही?"

"मार्क पाहिलेच नाही, बाबा. पान उलटलंच नाही कोनं."

मेरिट, मेरिट म्हणून छाती बडवणाऱ्यांनी हे एक वाक्य ध्यानात ठेवावं. पोरीच्या मार्कात खोट नव्हती. खोट एका पिनेत होती.

बी.एस्सी. घरी बसून होत नाही, तिला प्रयोगशाळा लागते. प्रेमलतानं कॉलेज सोडलं, लकडगंजातल्या एका बालवाडीत पोरं सांभाळायला लागली आणि प्रायव्हेटनं बी.ए.चा फॉर्म भरला. रसायनशास्त्राची जर्नलं अंजनाबाईनं माळ्यावर टाकली. रद्दीत काही घालू दिली नाहीत.

पुढल्या जुलैत बडे बाबूंनी एक अर्ध्या पानाची नोटीस पुढं सरकवली.

"कायची हाय, बाबू?"

"पुन्हा तेच? तुझ्या कामाचं नाही."

चंद्रभाननं कागद घडी करून खिशात घातला, सायकल काढली आणि तडक लकडगंज गाठलं. प्रेमलतानं बालवाडीच्या दारात उभ्या उभ्या वाचून मराठीत सांगितलं. त्यानं तीनदा म्हणवून घेतलं, चौथ्यांदा आपण म्हणून दाखवलं. परतून आला, नोटीस बोर्डाच्या मधोमध लावली, आणि मग तासाची घंटा अशी बदडली की पहिल्या मजल्यावरची पोरंही खाली आली.

"ऐका गा! मेरिटची स्कॉलरशिप! पहिल्या वर्गात पास झाले त्याहीनं फॉर्म भरा! शेवटची तारीख एकतीस जुलै! पोरीहो, तुम्हीपन ऐका वं, घरी बोर्ड नसते कोनाच्या!"

"चंद्रभान, वरात हाय का कोनाची?" मागून एक पोरगा ओरडला. हशा पिकला.

"तुह्याच बापाची हाय! फॉर्म भर आधी!"

बडे बाबू तरातरा बाहेर आले. "हा काय तमाशा? काय करून राहिला तू?"

"नोटीस लावून राहिलो, बाबू." चंद्रभाननं घंटेचा हातोडा खाली ठेवला. "आना रजिस्टर. आता सही करतो."

त्या साली अकरा फॉर्म गेले. संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं तेव्हा प्रेमलता बालवाडीच्या पोरांसाठी रंगीत कागद कातरत होती.

"आनि मागच्या साली किती गेलते, बाबा?"

"दोन."

त्या दोनातला एक कोणाच्या घरचा, हे चंद्रभानला ठाऊक होतं. मागच्या साली स्कॉलरशिपा जाहीर झाल्या त्या दिवशी बडे बाबूंनी ऑफिसात पेढे वाटले होते. एक चंद्रभानच्याही हातावर ठेवला होता, आणि कशाचा हे न विचारता त्यानं तो खाल्ला होता.