त्यांना नावानं हाक मारली तो दिवस

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, माझे पती जवळा बाजारच्या बाजारातून निघून गेले. मी पिशवीत मेथी भरत होते. वळून पाहिलं तेव्हा ज्या ओट्यावर त्यांना बसवलं होतं तिथं ते नव्हते.

त्यांना विसरण्याचा आजार होता. सगळी नोकरी त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये केली. बाजारातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी होते, आणि त्यामुळे ते हरवतील ही भीती मला कधी वाटली नव्हती. पण आजार वाढत गेला तसे ते आधी विद्यार्थ्यांना विसरले, मग शाळा विसरले आणि शेवटी आपण गुरुजी होतो हेच त्यांच्यातून निघून गेलं. कुणी ‘गुरुजी, नमस्कार’ म्हटलं की ते मागं वळून बघत, कोण गुरुजी आले म्हणून. मला ते ताई म्हणू लागले होते. जेवायला वाढणारी कुणीतरी भली बाई, एवढीच माझी ओळख उरली होती.

त्यांचं नाव नागनाथ. हे लिहिताना आजही हात थबकतो. सासूबाईंची आधीची लेकरं जगली नव्हती. त्या अनवाणी औंढ्याला गेल्या, देवापुढं पदर पसरला आणि झालेल्या मुलाला देवाचंच नाव ठेवलं. आमच्याकडे अशी नावं घरोघरी आहेत. हाका मारता मारता देवाचं नाव तोंडात येतं, आणि देवाचं नाव असलेल्या लेकराला यम हात लावायला कचरतो, असं जुनी माणसं मानत. सासूबाई तर मानतच होत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, “हे मागून घेतलेलं लेकरू हाय बाई. याचं नाव तुझ्या तोंडून मोकळं निघू देऊ नको. त्याचं आयुष्य त्या नावात हाय.”

मी परभणीला राहून बी. ए. झालेली, गावच्या वाचनालयात काम करणारी. नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होतं यावर माझा विश्वास नव्हता. तरी मी ते घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल. पण उखाण्यात नाव यमकाच्या आडून येतं, ती हाक नसते. माणूस विश्वास न ठेवताही पुष्कळ गोष्टी पाळतो. आणि त्यामुळे देवाचंही नाव माझ्या तोंडी बसलं नाही. औंढ्याला गेले की मी ‘महादेवा’ म्हणून हात जोडायची आणि बाहेर यायची. देवाशी माझं नातं असं दुरूनच राहिलं, आदराचं पण परकं. आजारपणात तर तेही सुटलं. ज्यानं दिलं असं सासूबाई म्हणत होत्या, तो आता माणूस जिवंत ठेवून आतलं सगळं काढून घेत होता. त्याच्याकडे काय मागायचं, मला कळत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या दवाखान्यात एक गोष्ट घडली होती. तिथल्या सिस्टरनं दारातून नुसतं त्यांचं नाव पुकारलं. दिवसभर खाली मान घालून बसलेले हे ताडकन उठले. “ओ! आलो माय,” म्हणाले आणि दाराकडे जवळजवळ पळाले. सगळे हसले. मी हसले नाही. त्यांच्या आईनंतर त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आतली एवढीच एक खोली उघडी होती, आणि तिच्या दारात उभं राहायला मला मनाई होती.

बाजारात ते दिसेनात तेव्हा मी शेजारच्या पुतण्याला, बालाजीला फोन केला. तो आला, त्याच्याबरोबर यांचे जुने विद्यार्थी मोटारसायकली घेऊन आले. एस.टी. स्टँड पाहिलं, देऊळ पाहिलं, शाळा पाहिली. “काकू, तुमी हितंच बसा, आमी बघून येतो,” असं म्हणून ते चारी रस्त्यांना पांगले. त्यांच्या ‘गुरुजी, ओ गुरुजी’ अशा हाका मला दुरून ऐकू येत होत्या. त्या हाकेला ओ देणारा माणूस आता नव्हता. हे मी बालाजीला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तरी काय झालं असतं? काकाला नुसत्या नावानं हाक मारायला त्याची जीभ वळली नसती. बालाजीच्या स्वतःच्या बायकोच्या मोबाइलमध्ये त्याचा नंबर ‘पिंकीचे पप्पा’ या नावानं आहे.

ऊन उतरू लागलं तेव्हा एका भाजीवाल्यानं सांगितलं, पांढरा सदरा घातलेला म्हातारा माणूस कालव्याच्या रस्त्यानं जाताना पाहिला. मी बसून राहू शकले नाही. रिक्षा केली. जिथं डांबर संपतं तिथं रिक्षावाल्यानं मला उतरवलं आणि पुढं मी चालत गेले.

दोन्ही बाजूंना हळद होती. त्या दिवसांत हळद छातीला लागते, पानं रुंद असतात. आत माणूस खाली बसला तर बांधावरून दिसत नाही. आणि त्या पट्ट्यात जुन्या विहिरी आहेत हे मला माहीत होतं. पलीकडच्या रानात सोयाबीनची मळणी चालली होती. मळणीयंत्राचा, आमच्याकडच्या हडंब्याचा, आवाज एवढा की माझाच श्वास मला ऐकू येत नव्हता. मी वेड्यासारखी बांधावरून इकडून तिकडे जात होते आणि तोंडानं नुसतं “अहो, अहो” म्हणत होते. अहो ही काय हाक झाली?

समोरून एक बाई आली. तांड्यावरची असावी, डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं, वयानं माझ्याएवढीच.

“कोनाला हुडकून राहिल्या बाई?”

“आमचे मालक. पांढरा सदरा आहे. त्यांना काही आठवत नाही.”

“ते म्हातारं? या हळदीत शिरलं की आत्ताच. मला वाटलं शेतमालकाचं पाव्हणं हाय.” तिनं गाठोडं खाली टाकलं. तिचा चेहरा बदलला होता. “अगं माय, तिकडं जुनी हीर हाय. कठडा न्हाई तिला. हाक मारा की! नाव काय त्यांचं?”

“औंढ्याच्या देवाचं,” मी म्हणाले.

“नागनाथ व्हय!” ती क्षणभर हसलीच. “अन् तुमी तर शिकलेल्या दिसता. माझ्या मालकाला सीतेच्या नवऱ्याचं नाव हाय, तर मी त्या नावाच्या फळाला सीताफळाचा भाऊ म्हनते. पर ही काय त्याची येळ हाय का?”

तिनं तोंडाभोवती हात धरून जोरानं हाक दिली, “ओ नागनाथबाबा!” मळणीयंत्रानं ती गिळून टाकली. पुन्हा दिली. पानं हलली नाहीत. ती मला म्हणाली, “आपून आत शिरलो अन् ते दचकून पळालं तर हिरीत जाईल. त्या हडंब्याच्या आवाजात काय ऐकू येनार त्याला? तुमचा वळखीचा आवाज हाय, तुमी मारा हाक. काहून उभ्या राहिल्या?”

त्याच वेळी मळणीयंत्र बंद पडलं. पट्टा तुटला होता, हे नंतर कळलं. पलीकडच्या रानात कुणीतरी त्या पट्ट्याला शिवी घातली, तीसुद्धा मला स्पष्ट ऐकू आली, एवढं सगळं एकदम शांत झालं.

मी हाक मारली. “नागनाथ!”

आवाज माझा वाटला नाही. काहीच झालं नाही. मी दुसऱ्यांदा मारली, सासूबाई संध्याकाळी दारातून मारायच्या तशी, शेवटचं अक्षर लांबवून. “नागनाथाऽऽ!”

“ओ!” हळदीतून आवाज आला. “आलो माय!”

आणि पानांच्या वर त्यांचं डोकं दिसलं. ते उठले होते. आमच्याकडे तोंड करून उभे होते, हसत होते. माझ्याजवळची बाई कुजबुजली, “हीर मधी हाय बाई. तेच्या अन् आपल्या मधी हाय.”

त्यांनी एक पाऊल टाकलं. दवाखान्यात ते कसे पळाले होते ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी हाक मारली म्हणूनच ते आता येणार होते, सरळ, खाली न बघता.

“नागनाथ, थांब!” मी ओरडले. “खाली बस. बस तिथंच!”

ते थांबले. चेहरा गोंधळला. सगळ्या संसारात मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं, रागातही नाही.

“मी येते तुला न्यायला. तू हलू नको. बसलास का?”

“बसलो,” ते म्हणाले आणि पानांत दिसेनासे झाले.

“बोलत ऱ्हावा, गप नका बसू,” असं म्हणून ती बाई वाकून कडेच्या सरीतून आत शिरली. मी बोलत राहिले. जेवलास का विचारलं. शाळेत कोण कोण आलं होतं विचारलं. तेही तिथून उत्तरं देत होते, मला न माहीत असलेल्या मुलांची नावं सांगत होते. प्रत्येक वाक्याआधी मी त्यांचं नाव घेत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिचा आवाज आला, “धरलं हो बाई! धरलं दंडाला!” आणि मी बांधावरच खाली बसले.

विहिरीच्या काठापासून ते हातभर लांब बसलेले होते. काठ गवतानं झाकलेला होता.

लोक नंतर म्हणाले, देवच त्या बाईच्या रूपानं आला. पुढच्या आठवड्यात मी साडी घेऊन तांड्यावर गेले तेव्हा तिला हे सांगितलं. “मला देव म्हनू नका, अगोदर माझ्या सुनंला विचारा,” असं ती म्हणाली, आणि साडीचा रंग फिका हाय असंही म्हणाली. आम्ही चहा प्यालो. पट्टा तुटला हा चमत्कार होता का, असंही मला विचारतात. पट्टे तुटतात. ज्यांची मळणी खोळंबली त्यांना तो चमत्कार वाटला नसेल. मी एवढंच सांगू शकते की तो तेव्हा तुटला.

आणि एक सांगायला हवं. मी हाक मारली तेव्हा माझ्या मनात देव नव्हता. मला फक्त हा माणूस हवा होता. भक्तीच्या गोष्टींत माणूस शेवटच्या क्षणी देवाला आठवतो. मी तर त्याला विसरून गेले होते. देवानं त्याचा राग धरला नाही. आपण नीट मागितलं, नीट आठवण ठेवली, नियम नीट पाळले, तरच कृपा होते असं मला वाटत असे, आणि म्हणून मी आयुष्यभर दाराबाहेर उभी होते. शरण जाणं म्हणजे गाठीला काही पुण्य जोडणं असेल असं मी समजत होते. त्या बांधावर माझ्याजवळ जोडायला काहीच नव्हतं. न घेतलेलं एक नाव मुठीत घट्ट धरलं होतं, तेवढं सुटलं.

त्यानंतर ते पुढचा पावसाळा संपेपर्यंत होते. त्या सगळ्या महिन्यांत मी त्यांना नावानंच हाक मारली. बालाजीची बायको आधी पदर तोंडाला लावायची, मग तिला सवय झाली. ताटावर बसायचं असो, आंघोळ असो, मी नाव घेतलं की ते यायचे. त्यांना मी कोण वाटत होते ते मी विचारलं नाही. गौरी-गणपतीनंतर ते तापानं आजारी पडले आणि घरीच, माझ्या हाताशी गेले. भेटायला आलेल्या बायकांपैकी काहीजणी दारात हळू आवाजात म्हणाल्या, नाव घेतलं हिनं, म्हणून आयुष्य सरलं. मी ऐकलं. त्या माझ्या सासूबाईंच्याच भाषेत बोलत होत्या, मला त्यांचा राग आला नाही. कदाचित तसंच असेल. त्या बांधावर मला पुन्हा उभं केलं तर मी पुन्हा तेच करीन.

आता घरात मी एकटी राहते. सोमवारी औंढ्याला जाते, वाकून गाभाऱ्यात उतरते आणि देवाला नावानं हाक मारते. ते नाव मला आता घेता येतं.