केसरबाईचे पाय

गौलीगुड्यातली खोली अंधारी होती, नळ बाहेर होता, सगळं खरं. पण तिथं केसरबाई आपल्या पायांवर होती. जामबागेतल्या एका शाळेत जन्मभर झाडू मारून तिनं अनिरुद्धला शिकवलं. म्हातारपणीही पाणी भरायची, दूध आणायची, शेजारच्या मालनबाईसोबत विहारात वंदनेला जायची. एकदा नळापाशी पाय घसरला, आणि लेकानं तिला उचलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बाराव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटात नेलं.

"आता बसून खायचं, आई. माझ्या घरात तुझ्या हातात झाडू दिसला नाही पाहिजे."

माया होती की, उतू जात होती! पण त्यात लाजही कालवलेली होती, खोटं कशाला बोला?

फरशी इतकी गुळगुळीत, की केसरबाई भिंत धरून चालायची. पाण्याचा पेला सून गीता हातात द्यायची. खाली जाऊन बसावं तर वॉचमन हटकायचा, "अम्मा, इधर नक्को बैठो, साब लोगां बोलते." मग पलंगावरून सोफ्यावर, सोफ्यावरून पलंगावर. मागणं एकच होतं, वैशाख पौर्णिमेला आपल्या पायांनी विहारात जायचं. अनिरुद्ध म्हणायचा, "बघू."

एकदा तिनं गुपचूप बाल्कनी झाडायला घेतली. नेमके त्याच्या ऑफिसातले लोक आले. त्यानं झाडू हिसकावला. "लोक काय म्हणतील, आई?" त्या दिवसापासून केसरबाईनं अंगच टाकलं. बघता बघता मांड्या सुकल्या, उठवायला दोन माणसं लागू लागली.

"ह्या घरात काय काय करतात?" दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही! इकडची काडी तिकडे करू देत नाही," अनिरुद्ध छाती फुगवून म्हणाला.

"म्हणूनच पाय गेले," डॉक्टर म्हणाले. यावर पठ्ठ्यानं काय केलं? भारीतली चाकांची खुर्ची आणली.

पौर्णिमेला त्याच खुर्चीतून तिला विहारात नेलं. मालनबाई तिच्याहून थोरली, कमरेत वाकलेली, तरी तुरुतुरु पुढं आली. "केसर, नशीब काढलंस गं! लेकानं राणीसारखं ठेवलंय."

"कशाची राणी? माझे पाय काढून घेतले गं यांनी," केसरबाई सगळ्यांदेखत म्हणाली आणि ढसाढसा रडली.

अनिरुद्धचा चेहरा उतरला. "आई दमलीय," तो म्हणाला आणि खुर्ची गाडीकडं वळवली. वंदना अजून सुरूही झाली नव्हती.