रद्दीचा काटा आणि कॉलेजचा कचरा

“एमएस्सी झालीय म्हणे! आणि कॉलेजात जाऊन करते काय, तर कचरा मोजते!”

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई दारात बसून हिराबाईच्या पाटीतले बोंबील उलटेपालटे करत होत्या आणि मी आतल्या खोलीत साडीच्या निऱ्या हातात धरून उभी होते. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते.

हिराबाई म्हणजे आमच्या कोपरीतली मासेवाली. सासूबाईंची पंधरा वर्षांची मैत्रीण आणि भावावरून पंधरा वर्षांची भांडकरीण, दोन्ही नाती एकदम.

“कचरा मोजाया शिकाया लागतं?” हिराबाई म्हणाली. “मंग मी तं कवाच झाले असते गो ती एमेशी!”

दोघी खदाखदा हसल्या. मीही हसले, पण आवाज न करता. नवी सून आवाज न करता हसते, आवाज न करता रडते आणि कपबशीसुद्धा आवाज न करता ठेवते. त्यात मी मुळातच घुमी. डोंबिवलीला माहेरी आई म्हणायची, हिला भूक लागली तरी शेजारच्यांनी येऊन सांगावं लागतं.

तर ऐका. माझ्या आजवरच्या फजित्यांमध्ये पहिला नंबर या कचऱ्याचा. पूर्वी लोक ती गोष्ट माझ्यामागे सांगायचे, आता माझ्यासमोर सांगतात आणि वर मलाच विचारतात, “असंच झालं होतं ना?” म्हटलं, त्यापेक्षा आपणच सांगून टाकावी.

नव्वदनंतरची गोष्ट. ठाण्यातल्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते. टेंपररी. आमचे विभागप्रमुख सबनीस सर, तोंडात सुपारी आणि डोक्यात पर्यावरण. एक दिवस विद्यापीठाचं पत्र आलं. प्रत्येक कॉलेजने कळवायचं होतं, की वर्षाला तुमच्याकडे कचरा किती निघतो, त्यातला जाळता किती, जनरेटर आणि कँटीनचा स्टोव्ह किती पेटतो, आणि या सगळ्यातून हवेत कार्बन किती जातो.

बाकीच्या कॉलेजांनी काय केलं असेल? हेडक्लार्कने चहा पिता पिता आकडे भरले असतील. पण सबनीस सर!

“अंदाज ज्योतिषी करतात, बाई. आपण मोजायचं. कॉलेजात जेवढ्या खोल्या, तेवढे डबे. एकही खोली सोडायची नाही. दोन आठवडे, रोज.”

मग सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलून म्हणाले, “हे नीट झालं, तर पुढच्या वर्षी तुमची कायम नेमणुकीची ऑर्डर निघेल. प्राचार्यांशी मी बोलतो.”

आता त्या ऑर्डरवर काय काय टांगलेलं होतं, ते सांगते. घरी ठरलं होतं की ऑर्डर निघाली तर नोकरी, नाही निघाली तर घर. ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं, माझ्या नवऱ्याने, सुहासनी, मान हलवली आणि मी गप्प बसले. माझं गप्प बसणं आमच्याकडे होकारात धरायचे.

मोजायचं तर काटा हवा. लॅबमध्ये काचेच्या पेटीतले नाजूक काटे होते, मिलिग्रॅमचे. त्यांच्यावर कॉलेजचा कचरा ठेवणार कसा? नवा काटा घ्यायचा तर तीन दुकानांची कोटेशनं, मग कमिटी, मग पुढचं वर्ष.

आणि मला आठवला आमच्या घरचा रद्दीचा काटा! पितळी तोंडाचा, वर कडी, खाली आकडा, मधे स्प्रिंग. रद्दीवाला आपल्या काट्याने फसवतो म्हणून सासूबाईंनी स्वतःचा ठेवला होता. देवघरातल्या घंटेच्या खालोखाल या काट्याला घरात मान.

“आई, रद्दीचा काटा नेऊ का दोन आठवडे?”

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांचं मंगळसूत्र मागितलंय. मग म्हणाल्या, “ने. पण जुना आहे. त्याच्या कलाने घे हो.”

मी म्हटलं, घेते. मऊ टॉवेलात गुंडाळून नेला. कलाने घे म्हणजे आणखी काय करायचं असतं?

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात सुरू झाली. पुढे शांताराम शिपाई, खांद्यावर बांबू, बांबूला काटा. मागे मी, वही-पेन घेऊन. शांताराम डबा पिशवीत रिकामा करायचा, पिशवी आकड्याला लावून उचलायचा, मी आकडा लिहायची. एकूण तीस डबे. मुलं जिन्यावरून ओरडायची, “मॅडम, भाव काय आज?”

पहिल्याच दिवशी प्राचार्यांच्या केबिनमधून एक फाडलेलं पाकीट आणि एका संत्र्याची सालं निघाली. काटा म्हणाला, एक किलो सहाशे.

शांताराम काट्याकडे बघत राहिला. “मॅडम, एका संत्र्याचं एवढं?”

“ओली आहेत सालं,” मी म्हटलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘ओलसर’.

मग एनसीसीची खोली आली. सहा महिने कुलूपबंद. पण सरांचा हुकूम, एकही खोली सोडायची नाही! शांतारामने कुलूप उघडलं, डबा पिशवीत उपडा केला. पिशवी रिकामी दिसत होती. काटा दीड किलो दाखवत होता.

“मॅडम, यात काय नाय ओ.”

इथे तुम्ही असतात, तर काय केलं असतंत? कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी थांबले नाही. कारण मी विज्ञान शिकले होते! डोळे फसवतात, उपकरण फसवत नाही, हे मीच मुलांना शिकवत होते ना? मी चष्मा पुसला, पिशवीत डोकावले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘बारीक धूळ’.

पहिल्या आठवड्याचे आकडे बघून सबनीस सर खुर्चीतून उठलेच. कँटीनमागे दर शनिवारी जो कचरा जळायचा, त्याचा त्यांनी वर्षाचा कार्बन काढला. त्यात जनरेटरचं डिझेल आणि स्टोव्हचं रॉकेल मिळवलं. एवढा आनंद मी त्यांच्या मुलीच्या बारशालाही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

“बाई, वागळे इस्टेटमधले कारखाने लाजतील आपल्यापुढे! आणि आपण हे लपवायचं नाही. छातीठोकपणे कळवायचं!”

घरी सुहासना सांगितलं. ते इस्टेटमध्येच एका कंपनीत सुपरवायझर. म्हणाले, “उद्यापासून मी तुमच्या कॉलेजवरून जाताना नाकाला रुमाल लावीन.”

इथपर्यंत ठीक होतं. पण सरांनी आकड्यांचा तक्ता स्टाफरूमच्या भिंतीवर लावला. खोलीवार!

प्राचार्य तक्त्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. “मी? रोज दीड किलो?” दुसऱ्या दिवसापासून ते संत्र्याची सालं जेवणाच्या रिकाम्या डब्यात भरून घरी न्यायला लागले. लायब्रेरियन बाईंच्या डब्यात कधी टाचणीही नसायची, तिथेही दीड किलो. त्यावरून कुणीतरी कुजबुजलं, की बाई पुस्तकांची पानं फाडतात की काय! त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी आधीच कुणाशी बोलत नसल्यामुळे हे मला चार दिवसांनी कळलं.

मग सगळं कॉलेज शहाण्यासारखं वागायला लागलं. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहायचे. खडूचे तुकडेसुद्धा खिशात. मराठीच्या सरांनी पेन्सिलीला टोक करणंच सोडलं. दुसऱ्या आठवड्यात डबे नुसते चकचकीत!

आणि काटा? काटा आपला दीड किलोच्या खाली यायला तयार नाही.

प्राचार्यांचा संयम संपला. “माझ्या डब्यात माझ्यामागे कुणीतरी कचरा टाकतंय!” त्यांनी डब्याशेजारी एक शिपाई बसवला. दिवसभर तो शिपाई डब्याकडे आणि डबा शिपायाकडे बघत बसले. संध्याकाळी वजन केलं, दीड किलो. मग शोध लागला, की चोर घरातलाच असणार. डबे रिकामे कोण करतो? शांताराम. म्हणजे हा आधीच्या दिवसाचा कचरा पिशवीतच ठेवतो, कामचुकारपणा करतो! सोमवारी त्याला मेमो द्यायचा असं ठरलं. त्याच सोमवारी सबनीस सर अहवाल घेऊन विद्यापीठात जाणार होते.

शनिवारी शांताराम लॅबच्या दाराशी आला. “मॅडम, तुम्ही होता ना सोबत. मी पिशवी झटकत होतो की नाय रोज?”

“हो,” मी म्हटलं.

“मग सांगा ना त्यांना.”

मी मान हलवली. माझी मान नक्की कुठल्या बाजूला हलली, ते त्याला कळलं नसावं. मलाही कळलं नाही.

काटा मी त्या दिवशी घरी आणला, कारण रविवारी रद्दीवाला येणार होता. हा आमच्याकडचा महिन्याचा कार्यक्रम. मी तोवर कधी बघितला नव्हता. दर वेळी चहा करायला आत असायची. या खेपेला ट्रे घेऊन बाहेर आले, तर सासूबाई पेपरांचा गठ्ठा आपल्या काट्याला टांगून उभ्या.

“साडेसहा!”

रद्दीवाल्याने तोच गठ्ठा स्वतःच्या काट्याला लावला. “साडेतीन.”

“पाच,” सासूबाई म्हणाल्या.

“पाच,” रद्दीवाला म्हणाला. आणि गठ्ठा बांधायला लागला!

न भांडता? मला राहवलं नाही. परक्या माणसासमोर मी त्या घरात पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“आई, आपला काटा साडेसहा दाखवतोय, तर साडेसहाच धरा ना! दीड किलो का सोडायचे?”

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. रद्दीवाला बघायला लागला. दाराशी पाटी उतरवत असलेली हिराबाईसुद्धा बघायला लागली.

“अगो पोरी,” हिराबाई हळूच म्हणाली, “रिकामा टांग नि बग तो.”

मी रिकामा टांगला. बाण डुलत डुलत आला आणि दीड किलोवर येऊन निवांत बसला. जसं काही ते त्याचं बापजाद्यांचं घर.

“स्प्रिंग सैल आहे त्याची, तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून,” सासूबाई म्हणाल्या. “माझा दीड जास्त दाखवतो, याचा दीड कमी. मधला आकडा बरोबर. म्हटलं नव्हतं का तुला, त्याच्या कलाने घे?”

“भाभी नयी है,” रद्दीवाला समजुतीने म्हणाला.

“म्हनून मी काटा नाय, वाटा लावते,” हिराबाई म्हणाली. “डोल्यांनी बगा नि घ्या.”

ट्रेमधला चहा बशीत आला होता. माझ्या डोळ्यांसमोर तीस डबे एका रांगेत उभे राहिले. तीस गुणिले दीड. रोज पंचेचाळीस किलो नसलेला कचरा मी दोन आठवडे वहीत चढवला होता, आणि सरांनी तो वर्षभर जाळून त्याचा धूर आभाळात सोडला होता!

आणि खरी मेख पुढेच आहे. प्रॅक्टिकल परीक्षेला मी मुलांना एकच प्रश्न विचारायची, तोही हळू आवाजात, “मोजण्याआधी काटा शून्यावर आहे का बघितलंस?” ज्याने बघितलं नाही, त्याचे दोन मार्क मी निर्दयपणे कापायची. एक मुलगा त्यापायी रडला होता.

सुहासना सांगितलं. ते आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. “मीना, ऑर्डर हवीय ना? मग जाऊ दे अहवाल. काटा बघायला कोण येतंय? तू फक्त काही बोलू नकोस. नाहीतरी तू कुठे बोलतेस!”

खरंच होतं. काही करायचंच नव्हतं. नेहमीसारखं गप्प बसलं, की ऑर्डर माझी. आणि मेमो शांतारामचा.

सोमवारी सकाळी मी परत काटा मागितला.

“आता आणि कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “कचरा संपला ना?”

“कचरा नाही आई. रिकामाच टांगायचाय.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि या खेपेला काटा स्वतः टॉवेलात गुंडाळून दिला.

प्राचार्यांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला, “त्या नव्या बाईंचं काम चोख आहे हो, सबनीस. बोलत नाहीत, म्हणून अचूक असतात.”

बघा! आयुष्यात एकदा कुणी माझ्या गप्प बसण्याचं कौतुक केलं, ते नेमकं तेव्हा. वाटलं, दारातूनच परत फिरावं. पण आत भिंतीला टेकून शांताराम उभा होता, टोपी हातात घेऊन. टेबलावर एका बाजूला अहवाल, दुसऱ्या बाजूला मेमो. लायब्रेरियन बाईही आल्या होत्या, माझ्याकडे न बघायला.

मी आत गेले. खिडकीच्या गजाला काटा अडकवला. पिशवी नाही, डबा नाही, संत्र्याचं साल नाही. बाण डुलला आणि दीडवर बसला.

सबनीस सरांची सुपारी गालातच थांबली. प्राचार्य आधी काट्याकडे, मग आपल्या कचऱ्याच्या डब्याकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. आवाज माझ्याच अंदाजापेक्षा मोठा निघाला.

“सर, शांतारामची काही चूक नाही. काट्याचीही नाही, तो कितीतरी वर्षं न चुकता दीडच किलो जास्त दाखवतोय. आमच्या सासूबाईंना ते माहितीय, रद्दीवाल्याला माहितीय, मासेवालीला माहितीय. माहीत नव्हतं ते फक्त घरातल्या एमएस्सीला!”