मापाचं पोलकं

भावाचे लग्न ठरले आणि त्याच आठवड्यात आईने सांगून टाकले की, ती वरमाई म्हणून मांडवात उभी राहणार नाही. धुळ्याला येईन, वऱ्हाडाच्या जानोशावर बसेन, सामानावर लक्ष ठेवीन. पण पायघड्यांवरून चालणे, सुनेची ओटी भरणे, विहिणीकडून मान घेणे, हे सगळे अक्काने करावे. अक्का म्हणजे माझी थोरली काकू. धरणगावजवळच्या आमच्या घरात दोन भावांचे संसार एकत्र होते आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असे. तिने आईचे म्हणणे ऐकून घेतले आणि नाही म्हटले नाही.

मी त्या वेळी बी.एस्सी. होऊन जळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. पुढे एम.एस्सी. करायचे माझे ठरलेले होते आणि ते घरात कोणालाही पसंत नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तेव्हा मला ही बातमी कळली. कारण विचारले की आई काहीतरी काम काढून उठून जाई. ते मला भावाकडून समजले.

साखरपुड्याच्या दिवशी धुळ्याला, माणसांनी भरलेल्या बैठकीत, आई होणाऱ्या सुनेला कुंकू लावायला पुढे झाली. मुलगी पाटावर बसली होती, मध्ये ताटे होती, म्हणून आईला हात लांबवावा लागला. त्यासरशी तिचे पोलके बगलेपासून बरगडीपर्यंत फाटले. आवाज सगळ्यांनी ऐकला. मुलीकडची कोणीतरी बाई हसली आणि अक्का त्या हसण्यावर कडी करून म्हणाली, "आंग आवर वं धाकले! सासू व्हई ऱ्हायनी तू, आते तरी आवर!"

आईने पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला आणि उरलेला दिवस तशीच बसून राहिली. आता तिला तो प्रसंग पुन्हा नको होता. एकुलत्या एका मुलाच्या लग्नात पुढे न येण्याची किंमत देऊनही नको होता.

मला राग आला. पण नुसत्या रागाने काही सिद्ध होत नाही. मी ते फाटलेले पोलके मागून घेतले आणि उजेडात उलटे करून पाहिले. शिवण कच्ची नव्हती. दोरा धड होता, कापड फाटले होते. याचा अर्थ शिंप्याचा हात चुकलेला नव्हता. चूक त्याच्याही आधीची होती.

आमच्याकडे शिंपी बाईच्या अंगाला टेप लावीत नसे. शिंप्याकडे जुने पोलके पाठवायचे, त्याने ते जमिनीवर पसरून त्याबरहुकूम नवे बेतायचे, ही रीत. त्याला 'मापाचं पोलकं' म्हणत. मी आईला विचारले, "हे कशावरून बेतलं होतं?"

"मांगलावरथीन."

"आणि ते?"

"त्याना मांगलावरथीन."

असे मागे मागे जात आम्ही माझ्या जन्माच्या सुमारास शिवलेल्या एका पोलक्यापाशी पोचलो. ते शिवले तेव्हा आई तिशीतही नव्हती. तेव्हापासून प्रतीवरून प्रत निघत होती, आणि प्रत्येक मापाचे पोलके धुऊन धुऊन थोडे आटलेलेच शिंप्याकडे जात होते. बाई वाढत होती आणि माप आकसत होते. आमच्या प्रयोगशाळेतला एखादा तराजू वीस वर्षे न तपासता कोणी वापरला असता, तर आम्ही त्याला हाकलून दिले असते. इथे मात्र तराजूला कोणी दोष दिला नाही, वजनालाच दिला.

कितीतरी गोष्टींचा उलगडा मला त्या एका दुपारी झाला. आई फळीवरचे डबे वर्षानुवर्षे दुसऱ्याला काढायला लावी. भर वैशाखात, आमच्याकडचे ऊन कातडी सोलत असतानाही, ती पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेई. मी त्याला वय म्हणत आले होते. निरीक्षण करणे हा ज्या माणसाचा व्यवसाय, त्याने एवढी उघड गोष्ट पाहू नये, याची मला आजही शरम वाटते.

मी टेप आणला, आईला मधल्या खोलीत नेले आणि दार लावले. ती लाजून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी छाती, दंड, बाही जोडतात तो मुंढा, पाठ अशी मापे घेतली आणि तिथेच मोठी चूक केली. सवयीप्रमाणे प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारून मग कागदावर लिहिला. दाराबाहेर अक्का डाळ निवडत बसली होती.

संध्याकाळी आई चुलीकडे जायला निघाली तेव्हा अक्का बाजूला सरकून म्हणाली, "सरका वं माय बठ्ठ्या, चाळीसगावनी गाडी ऊनी!"

शेजारच्या दोघी खो खो हसल्या. आईच्या छातीचे माप चाळीस इंच होते. दुसऱ्या दिवशी विहिरीवरही तोच विनोद झाला. आईने माझ्याशी दोन दिवस बोलणे टाकले आणि ते योग्यच होते. तिची लाज दूर करायला निघालेल्या मी तिच्या लाजेला एक आकडा मिळवून दिला होता.

तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसली. "तो कागद कोठे शे?"

मी कागद दिला. तिला अक्षरे येत नव्हती, पण आकडे येत होते. तिने टेप मागितला, ते फाटलेले पोलके मांडीवर पसरले आणि बाजारात कापड मोजावे तशा सराईतपणे ते मोजले. छातीला ते पस्तीस भरले. तिने पुन्हा मोजले. मग दंडाचा घेर मोजला, कागदावरच्या आकड्याशेजारी बोट ठेवले.

"पाच इंच," ती म्हणाली. "पाच इंच कमी पोलकामा मी इतला साल श्वास लिधा." आणि कागद खाली ठेवून, "मंग मना काय दोष?"

"तुझा काहीच दोष नाही."

"मंग मी पदरमा कसाले बसनू?"

ती उठली आणि म्हणाली, "जळगावले चाल. कापड बी लेवूत."

जळगावात आधी लुगडे घ्यायचे ठरले. दुकानदाराने आईच्या केसांकडे एक नजर टाकली आणि न विचारता एका बाजूचा ढीग पुढे ओढला. राखी, मातकट, पाणी मारून फिके केल्यासारखे करडे. 'मोठ्या बायकांचा माल' म्हणून तो वेगळाच ठेवलेला असे. आईने ढिगाला हात लावला नाही. तिने वरच्या खुंटीवरचे गर्द डाळिंबी लुगडे दाखवले.

"हे सुनेसाठी का, मावशी?" दुकानदाराने आदराने विचारले.

"सासूसाठी," आई म्हणाली.

मी मध्ये पडले. रंगांविषयी मी काही वाचलेले होते आणि सावळ्या रंगाला व पिकल्या केसांना निळा अधिक खुलेल असे माझे मत होते. मी ते दुकानदारासमोर सकारण मांडलेही. आईने निळे आणि डाळिंबी, दोन्ही लुगडी उचलली आणि ओट्यावर उन्हात जाऊन उभी राहिली.

"कापूस घरमा दखतंस का कोनी?" ती म्हणाली.

तिचे सारे आयुष्य उन्हात कापसाची प्रत ओळखण्यात गेले होते, आणि दुकानातल्या मिणमिणत्या दिव्याखाली रंगाचे सिद्धांत मी सांगत होते. तिने निळे हनुवटीखाली धरले तेव्हा तिचा चेहरा आजारी दिसला. डाळिंबी धरले आणि तोच चेहरा उजळला. केसांतले पांढरे जणू मुद्दाम सोडल्यासारखे दिसू लागले. माझे मत चुकीचे निघाले. तसे मी कबूल केले. प्रयोगापुढे मताचा हट्ट धरायचा नसतो.

लुगडे घेऊन आम्ही गेलो तो शिंपी वयस्कर होता आणि त्याचा हात चांगला होता. त्याने माझा कागद डॉक्टरची चिठ्ठी पाहावी तसा उलटसुलट करून पाहिला. "ताई, कागदावर नाही चालत. मापाचं पोलकं द्या, तसंच्या तसं करून देतो."

"तसंच्या तसं करत करत ते फाटलं, भाऊ," मी म्हणाले.

"तीस वर्षं मी असाच शिवतो आहे. आजवर कुणी बाई तक्रार घेऊन आली नाही."

"येईल कशी? ती तुमच्याकडे येतच नाही, पोलकं येतं."

तो माझ्यावर चिडला आणि आईकडे वळला. "हे बघा माय, या मापानं मुंढा मोठा करावा लागेल. अंगावर ढगळ दिसेल. वय दिसेल."

"दिसू द्या ना वय," आई म्हणाली. "ते शेच. फक्त फाटेल दिसाले नको."

शिंप्याने कागद सुलटा केला, खडू उचलला आणि आता पहिल्यांदाच काम समोर आल्यासारखा विचार करू लागला. मुंढा न वाढवता बगलेखाली कापडाचा चौकोनी तुकडा तिरका बसवला तर पोलके अंगाबरोबर राहील आणि हातही डोक्यावर जाईल, हे त्याने सुचवले. ती युक्ती मला सुचली नसती. बाहीची लांबी आईने स्वतः ठरवली, कोपराच्या दोन बोटे वर. दंड झाकायचे नाहीत, असे तिने दोनदा बजावले.

लग्नाच्या दिवशी सकाळी धुळ्याला जानोशावर आई ते डाळिंबी लुगडे नेसून आणि त्याच काठाचे पोलके घालून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, खांदे मोकळे होते. दारात उभ्या अक्काने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग तिने आपल्या अंगावरची राखाडी शाल काढली आणि पुढे केली.

"हाई ले वं. लोक काय म्हनतीन? सून येवानी शे, आते रंग तिना."

अक्काची पहिली सून घरात आली तेव्हा अक्का सदतीस वर्षांची होती. त्या दिवसापासून तिने रंगीत लुगडे अंगाला लावले नव्हते. तिला कोणी ते सोडायला सांगितले नव्हते, आणि सोडू नको असेही कोणी म्हटले नव्हते. तिचे नुकसान खरे होते हे मी मान्य करते. पण त्याची भरपाई म्हणून आईनेही राखी व्हावे, हे मला त्या दिवशी मान्य नव्हते आणि आजही नाही.

आईने शाल हातात घेतली, तिची नीट घडी केली आणि अक्काच्या खांद्यावर ठेवली. "अक्का, तुम्हीन मनापेक्षा मोठ्या शेतस. तुम्हीन सांगशात तर मी मांडवमा तुमना मांगे उभी ऱ्हासू. पन हाई घेवाव नही."

"आनि कोनी हासनं तर?"

"हासतीन. मी बी हाससू."

अक्का दारातून सरकली. मागे उभे राहायला मात्र तिने आईला सांगितले नाही.

मांडवात पायघड्या अंथरल्या होत्या. आई त्यांवरून सावकाश चालत गेली, कोणाकडेही न पाहता. पोलके फाटले तेव्हा हसलेली मुलीकडची बाई, आईने सकाळीच मला दाखवून ठेवलेली, पहिल्या रांगेत होती. मंगलाष्टकांच्या शेवटी अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा आईने उजवा हात पूर्ण वर नेला, डोक्याच्याही वर, आणि पुढच्या माणसांच्या पागोट्यांवरून अक्षता थेट सुनेच्या कपाळावर टाकल्या. तिच्या दंडाची कातडी सैल पडली होती, ती हलली. उन्हाने रापलेला तो हात मनगटापासून दंडापर्यंत सगळ्यांना दिसला. आईने तो खाली घ्यायची घाई केली नाही. दुसरी मूठ भरली आणि पुन्हा वर नेला.

ओटी भरताना विहीणबाई तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. नंतर मी विचारले तर आईने सांगितले की, त्यांना शिंप्याचे दुकान विचारायचे होते. त्यांच्या पोलक्याचे माप, आई म्हणाली, तिच्या जुन्या मापापेक्षाही जुने असावे. बिचारी जेवतानाही कोपर अंगाला चिकटवून होती.

लग्नानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, घरी, नवी सून शेजारी बसलेली असताना अक्काने तो विषय पुन्हा काढला. सासूने एकदा हौस भागवली की रंगीत कपडे सुनेच्या ट्रंकेत जायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. अक्काने स्वतः तसेच केले होते. "व्हयनं ना तुनं लगीन? दी टाक आते लुगडं-पोलकं पोरले," ती म्हणाली.

सून संकोचून खाली पाहू लागली. आई तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवले नाही.

"लुगडं तुले आवडनं तर सांग पोरी, असंच दुसरं लेवूत," ती सुनेला म्हणाली. मग अक्काकडे वळली. "आनि पोलकं तिले कसं बसी, अक्का? ते मना मापनं शे."